पऱ्हाटी, शेण अन् संत्र्याची सालं: कचऱ्यातून गाडीचं इंधन निघतं कसं

गेल्या हिवाळ्यात मी गच्चीवर वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये गोबरगॅस करायला बसलो होतो, फक्त त्यात गोबर जवळजवळ नव्हतंच. कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडून दोन थैल्या संत्र्याची सालं आणली, फुकट, तो तर खूशच झाला की कोणीतरी न्यायला आलं, मग ती मिक्सरमधून काढली (हे घरी अजून पूर्ण माहीत नाही), पाणी टाकलं, विरजण म्हणून मूठभर शेण कालवलं, झाकणाला भोक पाडून नळी बसवली अन् नळीच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब. ट्यूब फुगली की समजायचं गॅस झाला. पंधरा दिवस झाले, ट्यूब चपटी. महिना झाला, ट्यूब चपटी. काटोलकडून आमचे मामाजी, म्हणजे सासरे, आले होते, त्यांनी झाकण उघडून वास घेतला अन् म्हणाले, "जावईबापू, हे सडून नाही राहिलं, हे तं मुरून राहिलं, लोणच्यावानी."

मी हसलो तेव्हा. नंतर वाचत बसलो तर कळलं की माणूस शंभर टक्के बरोबर बोलला होता.

गॅस तयार करणारे जे जिवाणू असतात ते एक जात नाही, ती रिले टीम आहे. पहिली टोळी मोठमोठे पदार्थ तोडते, पिठाची साखर करते, तेल-तूप फोडते. दुसरी टोळी त्या साखरेची आंबट आम्लं करते. तिसरी त्या आम्लांचं मुख्यतः व्हिनेगरवालं आम्ल अन् थोडा हायड्रोजन करते. अन् चौथी, सगळ्यात हळू, सगळ्यात नाजूक, ती हे खाऊन मिथेन सोडते, म्हणजे जळणारा गॅस. आता पहिल्या दोन टोळ्या जोरात पळाल्या अन् चौथी मागे राहिली की डब्यात नुसतं आम्ल साचतं, आम्ल साचलं की चौथी टोळी अजूनच बसते, अन् मग खरंच लोणचं होतं. त्यात संत्र्याच्या सालीत लिमोनिन नावाचं तेल असतं. साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबली की चुर्र करून ठिणग्या उडतात, लहानपणी आपण सगळ्यांनीच केलंय, ते तेच. झाडानं ते तेल फळाला बुरशी-जंतू लागू नये म्हणूनच सालीत भरून ठेवलंय अन् मी भोळा माणूस त्याच सालीला जंतूंना जेवायला वाढून राहिलो होतो. गंमत अशी की ते तेल स्वतः मस्त जळतं, म्हणजे सालीत इंधन आहेच, पण ते इंधनच दुसरं इंधन होऊ देत नाही. सालीतून आधी वाफेनं तेल काढून घेतलं तर मग उरलेला चोथा गॅसला चालतो, अन् तेलाला वेगळा भाव मिळतो, साबण-सेंटवाले घेतात.

दुसरी चूक थंडीची. मिथेनवाल्या जिवाणूंना पस्तीस-सदतीस डिग्री आवडते, म्हणजे आपल्या अंगाएवढी. नागपूरचा डिसेंबर रात्री दहा डिग्रीवर येतो, त्यात माझी कॅन उघड्या गच्चीवर. गावातले गोबरगॅसचे प्लांट जमिनीत गाडलेले का असतात हे मला चाळिशीत कळलं.

आता गॅस झाला असं धरू. जो निघतो त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो, बाकी जवळपास सगळा कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ, अन् चिमूटभर हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. चुलीसाठी हा गॅस आहे तसा चालतो. गाडीसाठी नाही चालत. सल्फाइड इंजिन खाऊन टाकतं, अन् कार्बन डायऑक्साइड जळतच नाही, तो टाकीत फुकट जागा अडवून बसतो, रिझर्वेशनच्या डब्यात विनातिकीटवाल्यासारखा. म्हणून सल्फाइड गंजलेल्या लोखंडाच्या किसातून किंवा दुसऱ्या एखाद्या पद्धतीनं काढतात, अन् कार्बन डायऑक्साइड काढायची एक जुनी युक्ती म्हणजे गॅस दाबाखाली पाण्यातून पाठवायचा, तो पाण्यात विरघळतो, अगदी सोड्याच्या बाटलीत असतो तसा, अन् मिथेन वर निघून येतो. मिथेन नव्वद टक्क्यांच्या वर गेला की त्याला दोनशे बारच्या वर दाबून सिलिंडरमध्ये भरायचं. कारच्या चाकात साधारण दोन बार हवा असते, त्याच्या शंभर पट समजा. मग याचं नाव होतं सीबीजी, कॉम्प्रेस्ड बायोगॅस, अन् ऑटोला काही फरक कळत नाही की हा गॅस समुद्राखालून आला की गोठ्यातून, कारण दोन्हीकडे मिथेनच आहे.

परवा पंपावर रांगेत उभा असताना हेच एका ऑटोवाल्या भाऊला सांगून राहिलो होतो. तो म्हणाला, "म्हणजे माह्या गाडीले किती म्हशी लागन?" प्रश्न भारी होता. तिथेच मोबाइलवर हिशेब केला. एक जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण देतं. पंचवीस किलो शेणातून एक घनमीटर गॅस. एक घनमीटर गॅस साफ केला की चारशे ग्रॅमच्या आसपास गाडीचा गॅस. भाऊची ऑटो दिवसाला शंभर किलोमीटर चालते अन् तीन किलो गॅस पिते. म्हणजे साडेसात घनमीटर, म्हणजे १८८ किलो शेण, म्हणजे अठरा-एकोणीस ढोरं. एका ऑटोमागे. तो दोन मिनिटं गप्प बसला अन् म्हणाला, "त्यापेक्षा दुधाचा धंदा बरा नाही का बे?"

दूध काढून घेतल्यावरही शेण उरतंच, हे मी त्याला सांगेपर्यंत त्याचा नंबर आला. पण हा आकडा लक्षात ठेवा, कारण शेणातून गॅस कमी का निघतो याचं कारण साधं आहे अन् फार कोणी सांगत नाही. ढोराच्या पोटात पण हेच जिवाणू असतात. म्हणजे चारा एकदा आत पचूनच आला, त्यातला रस ढोरानं आधीच काढून घेतला, आपल्या हाती येतं ते उरलंसुरलं. त्याउलट काल रात्रीचा उरलेला भात, पोळी, भाजीची देठं, यातलं कोणी काहीच काढलेलं नाही. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी हाच मुद्दा पकडला, शेणाऐवजी स्वयंपाकघरातलं खरकटं अन् पीठ वापरून घरगुती छोटा बायोगॅस बनवला अन् २००६ मध्ये त्याला लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचा निसर्गऋण प्लांट पण खरकट्यावरच चालतो, डॉ. शरद काळे यांनी तो उभा केला. वेगळा केलेला ओला कचरा टनाला साधारण शंभर घनमीटर गॅस देतो, शेण त्याच्या निम्म्याच्याही खाली.

इंदूरचा प्लांट यावरच उभा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, क्षमता रोज ५५० टन ओला कचरा, त्यातून रोज १७ टन गॅस, शहराच्या बसेस चालवायला. भागाकार करा, टनाला तीस-एकतीस किलो. आपल्या नागपुरात रोज हजार टनांच्या वर कचरा निघतो अन् त्यातला मोठा भाग ओला असतो, म्हणजे कागदावर आपणही तेवढंच करू शकतो. पण इंदूरचं खरं मशीन प्लांटमध्ये नाही, ते घराघरात आहे, ओला वेगळा सुका वेगळा. प्लांटच्या तोंडाशी आलेल्या कचऱ्यात पन्नीची थैली, डायपर, काच, विटेचा तुकडा असला की मिक्सरचं पातं तुटतं, पाइप चोक होतो, अन् जे जिवाणू माझ्या संत्र्याच्या सालीनं रुसले ते फिनाइलनं काय करतील विचार करा. आमच्या गल्लीत घंटागाडी येते तेव्हा मी स्वतः पाहतो, दोन डबे घेऊन उतरणारी घरं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. अन् मिसळलेला कचरा डोंगरासारखा रचला की आत हवा जात नाही, तिथे हाच मिथेन आपोआप तयार होतो, फुकट हवेत जातो, अन् उन्हाळ्यात डंपिंग यार्डाला आगी लागतात त्याला तो हातभार लावतो. तोच मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे गॅस आपण करतोच आहोत, फक्त पकडत नाही.

नागपूरला याचं महत्त्व जरा जास्तच आहे कारण समुद्र लांब, अन् गॅसची पाइपलाइनही बरीच वर्षं लांबच होती. २०२२ मध्ये इथे सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता, तेव्हा गॅस गुजरातकडून द्रवरूपात टँकरनं येत होता.

हे झालं ओल्याचं. आता सुकं, अन् विदर्भात सुकं म्हणजे पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं), तुराट्या, सोयाबीनचं कुटार, अन् भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा.

कापूस घ्या हातात. नुसती बोंडातली रुई. ती नव्वद टक्क्यांच्या वर सेल्युलोज असते, अन् सेल्युलोज म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. भातातलं पीठ पण ग्लुकोजचीच माळ. फरक फक्त गाठीचा, एक मणी दुसऱ्याला कोणत्या बाजूनं जोडला याचा. भाताची गाठ आपल्या लाळेनंसुद्धा सुटते, म्हणून भात चावत राहिलं की गोड लागतो. कापसाची गाठ आपल्याला सुटत नाही. नाहीतर यवतमाळचा शेतकरी घरात साखरेचं पोतं ठेवून उपाशी राहिला नसता. आता रुई तरी शुद्ध असते, पऱ्हाटीत या माळांभोवती लिग्निन नावाचा चिवट डिंक थापलेला असतो, त्याच्यामुळे झाड उभं राहतं, अन् त्याच्यामुळेच पऱ्हाटी उपटताना हाताला फोड येतात.

साखर असेल तर दारू होते, अन् ती दारू म्हणजेच इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळतात ते. मग पऱ्हाटीचं, तणसाचं इथेनॉल करायचं तर आधी लिग्निनचा डिंक सोडवावा लागतो, त्यासाठी बारीक तुकडे करून सौम्य आम्ल अन् दाबाची वाफ, दीडशे डिग्रीच्या वर, म्हणजे महाकाय प्रेशर कुकर. मग एन्झाइम टाकायचे जे गाठी सोडवतात, मग यीस्ट टाकायचं जे साखर पिऊन इथेनॉल सोडतं. त्यात पण एक नखरा आहे, या साखरेतला बराच भाग पाच कार्बनवाला असतो अन् नेहमीचं ब्रेडवालं यीस्ट त्याला तोंड लावत नाही, वेगळं यीस्ट लागतं. मग भट्टी, अन् भट्टीनं जे पाच टक्के पाणी सुटत नाही ते वेगळ्या चाळणीनं काढायचं, कारण पेट्रोलमध्ये पाणी आलं की तळाशी वेगळं बसतं. याला टूजी इथेनॉल म्हणतात, दुसऱ्या पिढीचं. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्लांट ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, नऊशे कोटींच्या वर खर्च, वर्षाला दोन लाख टन तणसातून तीन कोटी लिटर असा त्याचा आराखडा. टनाला दीडशे लिटर.

इथे एक घोळ लोक नेहमी करतात. आपण आज पंपावर जे वीस टक्केवालं पेट्रोल भरतो ते कचऱ्यापासून आलं असं समजतात. ते बहुतेक ऊस, मका अन् तांदळातून येतं, म्हणजे अन्नातूनच. तणस-पऱ्हाटीवालं इथेनॉल त्यात अजून मीठ-मोहरीएवढं. अन् मायलेज कमी झाल्याची जी बोंब आहे ती पूर्ण भ्रम नाही, लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश उष्णता असते, मग वीस टक्के मिसळलं की सहा-सात टक्के उष्णता कमी, गणित सरळ आहे. इंजिन त्यासाठीच बांधलेलं असलं तर थोडं भरून निघतं, माझी जुनी गाडी काही भरून काढत नाही. नागपूरकरांना इथेनॉल तसं नवीन पण नाही, २०१४ मध्ये स्कॅनियाची इथेनॉलवर धावणारी हिरवी बस इथे आली होती, पुढे ताफाही वाढला, २०१८ मध्ये बंद झाला. मी दोनदा बसलो होतो, एसी मस्त होता.

पऱ्हाटीचा दुसरा रस्ता सोपा आहे, जाळायचं. पण शहाणपणानं. वाळलेली पऱ्हाटी किलोला जवळपास तेवढीच उष्णता देते जेवढी वीजकेंद्रातला आपला देशी कोळसा, कारण आपला कोळसाच राखेनं भरलेला. फरक आकाराचा. सुटी पऱ्हाटी घनमीटरला शंभर किलोही भरत नाही, ट्रक भरला तरी तो हवाच वाहून नेतो. म्हणून ती चिरून, वाळवून, दाबून बोटाएवढ्या कांड्या करतात, पेलेट, त्या घनमीटरला सहाशे किलोच्या वर जातात. यात वेगळा डिंक घालावा लागत नाही, दाबानं गरम झालेलं लिग्निनच चिकटवतं, म्हणजे इथेनॉलवाल्याला जो नडला तो इथे कामाला आला. केंद्रीय वीज मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणात कोळशाच्या वीजकेंद्रांना पाच ते सात टक्के पेलेट मिसळायला सांगितलं होतं, अन् आपल्या चहूबाजूंनी कोराडी, खापरखेडा, मौदा अशी धुरांडी उभीच आहेत, म्हणजे गिऱ्हाईक दारात. तणसाचं मात्र जरा जपून, त्यात सिलिका अन् पोटॅश जास्त, बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखा थर बसतो.

बाकीचे रस्ते पटकन सांगतो. कमी हवेत जाळलं की गॅसिफिकेशन, त्यातून कार्बन मोनॉक्साइड अन् हायड्रोजनचा गॅस निघतो, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा आपल्याकडेही मोटारींना मागे कोळशाची भट्टी लावून याच गॅसवर चालवत होते. हाच गॅस नीट साफ करून त्याचं डिझेल करायची रीत जर्मनीत फिशर अन् ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात शोधली, होतं छान पण महाग. अजिबात हवा न देता पाचशे डिग्रीला तापवलं की काळं आंबट तेल मिळतं, उष्णता डिझेलच्या निम्मी अन् टाकी गंजवणारं. अन् तळणाचं तेल, आपल्या समोसा-कचोरीवाल्यांच्या कढईतलं, त्याचं बायोडिझेल तर सगळ्यात सोपं, मिथेनॉल अन् कॉस्टिक टाकून ढवळलं की तेल वर, ग्लिसरीन खाली. अडचण इतकीच की ते तेल प्लांटपर्यंत येण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी कढईत जातं.

हे सगळं मी मामाजींना उन्हात खाट टाकून समजावून राहिलो होतो. त्यांनी ऐकलं अन् एकच गोष्ट विचारली, "गोंदियाच्या राइस मिलवाले कोंडा इकतात, मंग त्याच धानाची तणस काहून कोणी इकत घेत नाही?"

यातच अर्धा विषय आला. तूस, म्हणजे मामाजी ज्याला कोंडा म्हणतात ते धानाचं टरफल, अन् तणस एकाच झाडाची. पण तूस मिलमध्ये आपोआप एका जागी पडतं, कोरडं, बारीक, ट्रक मागे लावला की भरा. म्हणून त्याला भाव आहे. साखर कारखान्यात चिपाड पण तसंच, उसासोबत आपल्या पायानं चालत आलेलं, म्हणून कारखाने त्याच्यावर वीज करतात. तणस मात्र हजार वावरांत पसरलेली, पावसानं भिजलेली, अन् पुढचं पीक घ्यायची घाई असलेली. पऱ्हाटी तशीच. रसायनशास्त्राचं बरंचसं झालंय, अडलंय ते वावरापासून मशीनपर्यंतच्या तीस किलोमीटरवर.

मग आम्ही त्यांच्या पाच एकराचा हिशेब मांडला. एकरी साधारण एक टन पऱ्हाटी, म्हणजे पाच टन, म्हणजे जवळपास पाच टन कोळशाची उष्णता. ते दरवर्षी चिमटा लावून उपटतात, धुऱ्यावर गंजी लावतात, थोडी जळतणाला, बाकी पेटवून देतात. पेटवणं वाईट हे त्यांनाही माहीत आहे, पण उभी ठेवली तर वाळक्या बोंडात गुलाबी अळी लपून बसते अन् पुढच्या हंगामात परत येते, २०१७ चं साल इकडे कोणी विसरलेलं नाही, म्हणून कृषी विभागच सांगतो की हंगाम संपला की पऱ्हाटी वावरात ठेवू नका. पेलेटवाल्यानं ती नेली तर अळीचं घर पण जातं अन् धूर पण नाही. रोटावेटर फिरवून मातीत मिसळली तर जमिनीला कर्ब मिळतो, ते पण खरं, आपल्या काळ्या मातीत त्याची बोंब आहेच, त्यामुळे सगळीच्या सगळी नेऊ नये असं माझं मत. गॅसवाल्या प्लांटचं एक बरं की त्यातून निघालेली स्लरी परत वावरात येते, नत्र तिच्यात शाबूत असतं, गॅसमध्ये मुख्यतः कार्बन, हायड्रोजन अन् ऑक्सिजन जातो. पेलेट जाळले की वावराला काहीच परत येत नाही.

मामाजींनी बोटांवर मोजलं. उपटायची मजुरी, बांधायची मजुरी, ट्रॅक्टर-ट्रॉली. मग म्हणाले, "दारात येऊन नेत असन अन् मजुरी निघत असन तं नेऊ दे. वरून दोन पैसे देल्ले तं चांगलंच."

मी म्हटलं, सगळी देणार?

"सगळी कायले? आंघोळीच्या पाण्यापुरती ठेवीन ना." अन् मग माझ्या कॅनकडे हात करून, "अन् त्यात आता शेण अन् शिळा भात टाक, अन् कांबळं गुंडाळ त्याले."

कांबळं काही मिळालं नाही, जुनी गादी गुंडाळली. बाविसाव्या दिवशी ट्यूब फुगली.